शेजारी कोण बसले होते?

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ हातात प्लॅस्टिकचे फोल्डर घेऊन आले. नागपुरात त्या दिवसांत सात वाजून गेले तरी भिंतींना हात लाववत नाही, म्हणून कूलरसमोर खुर्ची ओढून मी त्यांना बसवले. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास खोलीभर पसरला होता आणि फोल्डरमधून काढलेले कागद झोताने सारखे उडत होते. एका तळव्याखाली ते दाबून धरत त्यांनी हकिगत सांगितली. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने शिकाऊ परवाना काढून महिना उलटला होता. वडील बुटीबोरीला कामावर आणि आई गाडी न चालवणारी, तेव्हा भर उन्हात मुलगी घरची गाडी घेऊन एकटीच शिकवणीला गेली. परतताना वर्धा रोडवरून आतल्या रस्त्याला वळताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला आणि गाडी कडेच्या भाजीच्या ठेल्यात घुसली. बंपर फुटला, एक हेडलाइट गेला, रेडिएटर गळू लागला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गॅरेजमध्ये येऊन फोटो काढले, मुलीचा परवाना पाहिला आणि विचारले, "लर्निंग आहे न? मग शेजारी कोण बसले होते? त्यांच्या लायसन्सची झेरॉक्स लावा."

ती झेरॉक्स मागायला ते माझ्याकडे आले होते. "वहिनी, तुमचं लायसन्स जुनं आहे. तुम्ही बसल्या होत्या असं लिहून दिलं तर काम होऊन जाते. विचारायला कोण येते?" माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे एका विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर गेली, हे त्यांना ठाऊक होते; किंबहुना त्यामुळेच ते आले होते, कारण कोणते वाक्य चालून जाते हे मला माहीत असणार असा त्यांचा अंदाज होता. अंदाज चुकीचा नव्हता. अपघाताच्या वेळी शेजारी बसलेले मामा, काका आणि मित्र टेबलाच्या पलीकडून मी पुष्कळ पाहिलेले आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींना गाडीचा रंगही सांगता येत नसे. मी नाही म्हटले. ते फारसे रागावले नाहीत, चहा घेतला आणि बराच वेळ बसले. नो क्लेम बोनस जाईल का, हेडलाइट कंपनीचाच घ्यावा की बाजारातला, गॅरेजवाल्याने मजुरी किती लावली, असे सगळे बोलणे झाले. ठेलेवाल्याचा उल्लेख त्या सगळ्यात एकाच वाक्यात आला. त्याच्या पायाला लागले होते, प्लास्टरचे पैसे देऊन टाकले, प्रकरण मिटले.

प्लास्टर घातले, म्हणजे हाड मोडले होते.

खोटी सही मागण्यापेक्षा मला तेच वाक्य अधिक खुपत राहिले. माणूस वाईट नाही. कोविडच्या दिवसांत याच गृहस्थांनी कॉलनीतल्या घराघरांत औषधे पोचवली होती. तरीही अपघात म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आधी बंपर आला, आणि मला वाटते आपल्यापैकी बहुतेकांच्या पुढे तोच येतो. गंमत अशी की ज्या कायद्याला आपण सगळे कटकट समजतो, त्याने हा क्रम नेमका उलटा लावून ठेवलेला आहे.

शिकाऊ परवान्याकडे आपण लहान आकाराचा परवाना म्हणून पाहतो. मोटार वाहन कायदा तसे पाहत नाही. परवान्याशिवाय कोणी गाडी चालवू नये, असे कलम ३ सांगते आणि शिकणाऱ्याला त्यातून सूट देते, पण ती सूट अटींसह असते. त्या अटी १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या तिसऱ्या नियमात आहेत: शिकाऊ परवाना चालू मुदतीचा हवा, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल हवा, आणि त्या प्रकारच्या गाडीचा पक्का परवाना असलेला माणूस गाडीवर ताबा ठेवता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी शेजारी बसलेला हवा. ही शेवटची अट सुटली की सूटही सुटते, आणि खिशात कागद असूनही शिकणारा विनापरवाना चालवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि ज्याने किल्ली दिली त्या मालकासाठी कलम १८० खाली तेवढीच शिक्षा वेगळी आहे. ही दुसरी ओळ बापांना माहीत नसते. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन मुलाच्या पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो हे घरोघर पोचले, पण त्यातून एक उफराटी समजूतही रुजली, की मूल अठराचे झाले म्हणजे पालक सुटले. आमच्या शेजाऱ्यांनीही "ती तर मेजर आहे" हे वाक्य दोनदा उच्चारले.

मी स्वतः लूनावर शिकले. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, आणि त्या काळी नागपुरात शाळा संपवलेल्या मुलींच्या लुनांचे थवेच्या थवे धरमपेठेतून निघत. वडील कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर पहाटे मागे बसून धडे देत, आणि मागच्या सीटवरून त्यांना थांबवता येण्यासारखे फक्त मीच होते, तेही ओरडून. तो कायद्यातला विनोद आजही तसाच आहे. दुचाकी शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसवू नये असे नियम म्हणतो. पण मागे बसलेला शिक्षक ब्रेकपर्यंत कसा पोचणार हे सांगत नाही. दरम्यान आजच्या बिनगिअरच्या स्कूटरची इंजिने १०० सीसीच्या पुढे गेली आणि सोळाव्या वर्षाची ती सवलत तिच्यापुरती कागदावरच राहिली. संध्याकाळी शिकवणी वर्ग सुटतात तेव्हा शंकरनगर चौकात उभे राहून पाहावे: मागे बसलेली मैत्रीणही शिकाऊ, चालवणारीही शिकाऊ, आणि तिसरीचा परवान्याचा अर्ज अजून भरायचाच आहे.

चारचाकी मात्र मी नोकरी लागल्यावर रीतसर मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकले. साडेपाचला पांढरी जुनी गाडी दारात यायची, आत पेट्रोलचा आणि अगरबत्तीचा मिश्र वास असायचा, आणि डावीकडे बसलेल्या गुरुजींच्या पायांखाली क्लच आणि ब्रेकचे वेगळे पेडल असायचे. सेमिनरी हिल्सच्या चढावर हाफ क्लच धरायला त्यांनी शिकवले. गाडी मागे घसरू लागली की माझ्या आधी त्यांचा पाय खाली जाई, आणि मला आपणच थांबवली असे वाटत राही. हे वाटणे किती खोटे होते ते घरच्या गाडीत बसल्यावर कळले. घरच्या गाडीत डाव्या सीटखाली पेडल नसते. शेजारी बसलेल्याच्या हाती फक्त मधला हँडब्रेक आणि स्वतःचा आवाज, आणि हल्लीच्या कित्येक गाड्यांत तो हँडब्रेकही जाऊन तिथे एक बटण आले आहे. ताबा ठेवता येईल अशा जागी बसणे म्हणजे काय, हा प्रश्न नियम लिहिला गेला तेव्हापेक्षा आज कितीतरी अवघड झालेला आहे. शिवाय त्या जागी कोणी बसावे याबद्दल आपला नियम फार उदार आहे. पक्का परवाना असला की पुरे. काल पक्के लायसन्स मिळालेला भाऊ आज बहिणीच्या शेजारी बसू शकतो. इंग्लंडमध्ये शेजारच्याचे वय किमान २१ आणि परवाना मिळून किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात. तो चालवत नसला तरी हातात फोन धरून बोलण्याची आणि पिऊन बसण्याची बंदी त्यालाही असते. आपल्याकडे त्या सीटवरचा माणूस मान खाली घालून व्हॉट्सॲप पाहत असतो आणि सिग्नलला गाडी बंद पडली की वर बघतो.

तरीही त्या जागेवरच्या माणसाला मी निरुपयोगी म्हणणार नाही. क्लेमच्या कागदांत चालकाचे स्वतःच्या अक्षरातले निवेदन असते, आणि एकट्याने गाडी चालवणाऱ्या शिकाऊंची निवेदने वाचताना एक गोष्ट वारंवार दिसायची: अपघात जोराच्या वेगात क्वचितच होत असे. तो वळताना, मागे घेताना, चढावर किंवा एखादी गाय मध्ये आल्यावर होत असे, जिथे एका क्षणात तीन निर्णय घ्यावे लागतात आणि नवख्याला एकच सुचतो. तिथे "क्लच दाब" एवढे दोन शब्द बोलणारे कोणी असले तरी पुष्कळ निभावते. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीलाही ब्रेक कुठे आहे हे माहीत होते. घाबरल्यावर पाय चुकला, आणि तो चुकला हे सांगायला गाडीत कोणी नव्हते.

आता बंपरविषयी. गाडीच्या पॉलिसीत चालकाविषयीचे एक कलम असते, जे गाडी घेताना कोणी वाचत नाही. त्यात आधी चालू मुदतीचा परवाना असलेल्या कोणालाही चालवता येईल असे म्हटलेले असते, आणि लगेच पुढे, शिकाऊ परवानाधारकही चालवू शकेल, मात्र त्याने १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम ३ पाळलेला असावा, असे येते. शिकणाऱ्याला विमा नाही, ही चौकाचौकांत ऐकू येणारी समजूत त्यामुळे चुकीची आहे. शिकणाऱ्याला विमा आहे. शेजारी माणूस असेपर्यंत आहे. एकट्याने चालवली की आपल्याच गाडीच्या दुरुस्तीचा, म्हणजे ओडीचा, क्लेम नाकारायला कंपनीला आधार मिळतो. मालक स्वतः चालवत असताना त्याच्या मृत्यूसाठी किंवा अपंगत्वासाठी १५ लाखांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, त्यालाही चालू परवान्याची अट जोडलेली आहे. चाळिशीत गाडी शिकून एकटेच कामावर निघणाऱ्यांनी, ज्यांच्या नावावर गाडीही असते आणि कर्जही, या वाक्यापाशी थांबायला हवे; पण या वयात "शेजारी बस" म्हणायला माणसाला लाज वाटते, असा माझा अनुभव आहे.

ठेलेवाल्याचे गणित याहून अगदी वेगळे आहे. ज्याला धडक बसली त्याने चालकाचा परवाना तपासलेला नसतो आणि पॉलिसीही वाचलेली नसते. तेव्हा मालकाने मोडलेल्या अटीची शिक्षा त्याला देणे योग्य नाही, हे आपल्या न्यायालयांनी बऱ्याच काळापासून धरलेले सूत्र आहे. ५ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या प्रकरणात ते सविस्तर मांडले. शिकाऊ परवाना हाही कायद्याच्या दृष्टीने परवाना आहे, आणि तसा चालक असल्यास तिसऱ्या व्यक्तीची, म्हणजे ज्याला धडक बसली त्याची, भरपाई कंपनीला टाळता येणार नाही, असे त्यात आले. अट मोडल्याचे कंपनीला म्हणायचे असेल, तर मालकाने वाजवी काळजी घेतली नाही हे तिने सिद्ध करावे. आणि सिद्ध झाले तरी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत व नंतर मालकाकडून वसूल करावेत असा आदेश होऊ शकतो. निकाल आला त्या दिवसांत आमच्या कार्यालयात त्याच्या झेरॉक्स हातोहात फिरल्या आणि आमच्या साहेबांचे तोंड पडले होते, हे मला अजून आठवते. मी त्यांच्याच पगारपत्रकावर होते, तरी आतून मला बरे वाटले होते. ते बोलून दाखवण्याची सोय मात्र नव्हती.

त्यात २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. कलम १६४ प्रमाणे अपघातात मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये भरपाई मागता येते, आणि त्यासाठी चूक कोणाची होती हे सिद्ध करावे लागत नाही. गंभीर दुखापत कशाला म्हणावे याची यादी जुन्या दंडसंहितेच्या ३२० व्या कलमातून घेतलेली आहे, आणि हाड मोडणे तिच्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

हे मी त्याच संध्याकाळी त्या गृहस्थांना सांगितले. कागदांवरचा त्यांचा हात सुटला आणि दोन पाने उडून दिवाणाखाली गेली. ती काढून देताना त्यांनी विचारले, "म्हणजे त्याला अडीच लाख?" त्या प्रश्नात भीती होती आणि थोडा अपमानही, जणू मी त्यांच्या घरातली वस्तू परक्याला दाखवली होती. पैसे आधी कंपनी देईल, आणि किल्ली तुम्हीच दिलेली असल्यामुळे कदाचित तुमच्याकडून मागेल, असे मी सांगितले. ते म्हणाले, त्याने तक्रारच केलेली नाही. मग बाकीचे कागद गोळा करून ते उठले. बंपरचा क्लेम त्यांनी पुढे मागे घेतला आणि गॅरेजचे बिल स्वतः भरले, असे त्यांच्या पत्नीकडून कळले. खोट्या सहीचा विषय संपला याचे मला समाधान वाटायला हवे होते, पण ते पुरतेपणी वाटले नाही. कारण त्यांना मी जे सांगितले होते ते ज्याच्या उपयोगाचे होते, त्याला ते अजून कोणीच सांगितलेले नव्हते. आणि सांगायचे तर शेजारधर्म मोडणार हेही दिसत होते. गिरीपेठेतल्या आरटीओत मुलीची पक्क्या परवान्याची टेस्ट व्हायची होती, पोलिसांत नोंद झाली तर भारतीय न्याय संहितेखाली तिच्यावर बेदरकार चालवण्याचा गुन्हा लागू शकला असता, आणि ती पोर लहानपणी आमच्या अंगणात खेळलेली आहे.

मृग लागून गेल्यावर एक दिवस मी त्या वळणावर भाजी घ्यायला थांबले. ठेला परत उभा होता, एका चाकाला नवी लाकडी फळी ठोकलेली होती, आणि ठेलेवाला स्टुलावर बसून पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून वजन करत होता. उठबस त्याची बायको करत होती. कळमन्याच्या बाजारात पहाटे माल आणायला आता मेव्हण्याला पाठवावे लागते आणि तो त्याचे पैसे घेतो, असे त्याने तक्रारीचा सूर न लावता सांगितले. दवाखान्याचे कागद आहेत का, असे मी विचारले. बायकोने गल्ल्याखालून पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी काढून दिली. तीवर दुखापतीचे कारण म्हणून रस्त्यावर घसरून पडल्याचे लिहिलेले होते. "साहेब म्हणाले, ॲक्सिडेंट सांगितला तर पोलीस येतील, तुलाच चकरा पडतील," तो म्हणाला. साहेबांनी गाडीतून नेले, आणलेही, आणि रिक्षाचे वेगळे शंभर रुपये दिले, हेही त्याने आवर्जून सांगितले.

घरी येईपर्यंत मला ती चिठ्ठीच दिसत होती. एका कागदावर गाडीत नसलेली बाई बसवायची होती, आणि दुसऱ्यावरून रस्त्यावर असलेली अख्खी गाडी आधीच पुसून झालेली होती. पहिला कागद माझ्यापर्यंत आला म्हणून मला नाही म्हणता आले.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. त्याने घेतलेल्या पैशांमुळे त्याचा हक्क बुडत नाही, अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा असतो, सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, हे सगळे सांगून मी पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दिला. चिठ्ठीवर चुकीचे कारण आहे त्यामुळे अडचण येईल, हेही लपवले नाही. त्या दिवशी ज्यांनी गाडी ठेल्यातून मागे ओढली त्यांची नावे आठवत असतील तर आधी ती लिहून ठेव, असे सांगितले. त्याचा पहिला प्रश्न अडीच लाखांविषयी नव्हता. खोटे सांगितले म्हणून आपल्यालाच पकडतील का, असे त्याने विचारले, आणि मग बायकोकडे पाहून, पोरीचे लायसन्स जाईल का. पहिल्याचे उत्तर वकील देतील आणि दुसऱ्याचे आरटीओ, असे मी म्हटले. बायकोने पत्ता त्याच्या हातातून घेतला, मला वाचून दाखवायला सांगितला, आणि सोमवारी बाजार हलका असतो, सोमवारी जाऊ, असे नवऱ्याऐवजी तिनेच ठरवले.